रावणेश्वराच्या तळ्यावरचं मैदान

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियममध्ये मी पहिल्यांदा सामना बघायला गेलो, तेव्हा फुटबॉलमधलं मला फारसं काही कळत नव्हतं. शिवाजी विद्यापीठात शिकायला गेलो होतो. खोलीवरच्या मित्रानं ओढत नेलं म्हणून गेलो. उन्हं कलली होती, तरी सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्याच होत्या. खाली चपला घालून लोक त्यांवर बसले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला टोपी, हातात शेंगदाण्यांची पुडी. सामना सुरू व्हायला वेळ होता. त्यांनी विचारलं, ‘‘पाव्हणं कुठलं म्हनायचं?’’ मी म्हणालो, कर्जतचा. ‘‘नगरचं कर्जत का?’’ नाही म्हटलं, रायगडातलं, खंडाळ्याच्या घाटाखालचं. त्यातही कोंडाणे नावाचं गाव. त्यांनी मान डोलावली. मग मैदानाकडं बोट करून म्हणाले, ‘‘ह्ये समदं तळं हुतं बगा.’’

मला आधी वाटलं, पावसाळ्यात इथं पाणी साचत असेल, तेवढंच ते सांगत असावेत. पण ते खरोखरच्या तळ्याबद्दल बोलत होते. रावणेश्वराचं तळं. स्टेडियमच्या शेजारी रावणेश्वराचं मंदिर आजही आहे. तळं गेलं, देव राहिला आणि पाण्याच्या जागी बावीस माणसं चेंडूमागं धावायला लागली. या मैदानाचा इतिहास मला त्या एका वाक्यापासून कळायला लागला. पुढं दोन वर्षं मी सामने बघत राहिलो आणि त्यानिमित्तानं शहर फिरत राहिलो.

कोल्हापूर हे तळ्यांचं शहर होतं. आज बाहेरच्या माणसाला रंकाळा माहीत असतो, फार तर कळंबा आणि कोटितीर्थ. पण शहराच्या नकाशावरची नावं वाचत गेलं की बुजलेली तळी एकेक करून वर येतात. पेटाळा, खंबाळा, पद्माळा, सिद्धाळा. रंकाळ्यातला ‘ळा’ तोच या नावांमधला. पेटाळा आता मैदान आहे. सिद्धाळा बाग आहे. कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि मोठा पाऊस झाला की ते मैदान काही दिवसांसाठी पुन्हा वरुणतीर्थ होतं. लोक त्याला ड्रेनेजची अडचण म्हणतात. मला मात्र वाटतं, पाण्याला आपली जागा आठवते.

तळी का गेली, याचं उत्तर साधं आहे. ती पिण्याच्या, वापरायच्या पाण्यासाठी होती. आधी कात्यायनीच्या डोंगराकडचं पाणी शहरात आलं. ‘पाण्याचा खजिना’ हे मंगळवार पेठेतलं ठिकाणाचं नाव अजून त्याची आठवण सांगतं. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याचं तळं बांधलं गेलं आणि तिथलं पाणी शहरात खेळवलं गेलं. पाणी दारात आल्यावर पेठेतल्या तळ्याचं काम संपलं. ज्या तळ्याचं पाणी कोणी पीत नाही, त्यात लोक कचरा टाकतात, आणि ज्यात कचरा पडतो ते तळं डासांचं होतं. मग ते बुजवणं हीच सुधारणा ठरते. हिंदुस्थानातल्या कितीतरी शहरांत हे घडलं. कोल्हापूरचं वेगळेपण एवढंच, की इथं काही तळ्यांच्या जागी इमारती न येता मोकळी जागा आली. रिकाम्या जागेचं काय करायचं, याची या शहराला आधीपासून सवय होती.

ती सवय लावली शाहू महाराजांनी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा जाहीरनामा याच प्रवासाच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी निघाला. याच प्रवासात त्यांनी रोममधलं जुनं क्रीडागार बघितलं. परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदानाचं काम सुरू झालं. १९०७ ते १९१२ या काळात ते उभं राहिलं. मध्ये मातीचा हौदा, भोवती चढत जाणारा गोल उतार. कुठंही बसा, पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. १९१२ साली मैदान खुलं झालं, तेव्हा गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं गेलं. तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडलं, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखी माणसं रस्त्यावर उभी होती.

शाहू महाराजांनी साठमारीसाठीही जागा बांधली होती. हत्तीला डिवचून पळायचं आणि मध्ये उभारलेल्या बुरुजांच्या आडोशाला शिरायचं, असा हा खेळ. बडोद्यातही तो चालायचा. हत्ती गेले, खेळ गेला, पण कोल्हापुरात साठमारी हे ठिकाणाचं नाव टिकलं. संस्थानानं खेळासाठी जागा राखायची, पेठेनं खेळाडू द्यायचा आणि गावानं बघायला यायचं, अशी वाटणी या शहरात पक्की झाली होती. फुटबॉल आला तेव्हा त्याला हे सगळं तयार मिळालं.

फुटबॉलला सगळ्यात उपयोगी पडली ती तालीम. कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की इथं तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतल्या गल्लीची ती बैठकीची जागा. लाल मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती, गणेशोत्सव, मोहरमचे पंजे, लग्नकार्याची मदत, भांडणाचा निवाडा, निवडणुकीची गणितं, सगळं तिथं. फुटबॉल संघही याच तालमींचे झाले. म्हणून कोल्हापूरच्या संघांची नावं जगातल्या कुठल्याही लीगच्या तक्त्यात शोभणार नाहीत अशी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. जुन्या संघांपैकी प्रॅक्टिस क्लब हे एकच नाव साहेबी वाटतं. यांतल्या काही नावांतही पाणी आहेच. पाटाकडील म्हणजे पाण्याच्या पाटाकडची. संध्यामठ ही रंकाळ्याच्या पाण्यातली दगडी वास्तू, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पूर्ण दिसणारी.

तालमीनं फुटबॉल खेळावा, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. जर्मनीचा इतिहास शेजारी ठेवला की ते लक्षात येतं. तिथंही तालमी होत्या. फ्रीडरिश लुडविग यान यानं १८११ साली बर्लिनबाहेर हासनहायडे इथं व्यायामाचं उघडं मैदान सुरू केलं आणि त्यातून गावोगाव व्यायाममंडळं निघाली. नेपोलियननं तुडवलेल्या देशातल्या तरुणांची शरीरं घडवणं, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडच्या तालमी आणि व्यायामशाळांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला ही भाषा ओळखीची वाटेल. १८७४ साली ब्राउनश्वाइगमधल्या कोनराड कोख नावाच्या शिक्षकानं शाळेत फुटबॉल आणला. योगायोग असा, की शाहू महाराजांचा जन्मही त्याच सालचा. व्यायाममंडळवाल्यांना हा खेळ मुळीच रुचला नाही. १८९८ मध्ये कार्ल प्लांक या श्टुटगार्टच्या व्यायामशिक्षकानं एक पुस्तिकाच लिहून फुटबॉलला ‘इंग्रजी रोग’ ठरवलं. वाकून लाथ मारणारा माणूस त्याला माकडासारखा दिसत होता. पुढं १९२३-२४ च्या सुमारास तिथल्या व्यायाम संघटनेनं आणि फुटबॉल संघटनेनं रीतसर काडीमोड घेतला. एकाच मंडळातले फुटबॉलवाले आणि कसरतवाले वेगळे झाले. शाल्कसारखा आज जगभर माहीत असलेला क्लब १९२४ साली अशाच वाटणीतून स्वतंत्र झाला.

कोल्हापुरात अशी वाटणी झाली नाही. हौद्यात शड्डू ठोकणारा आणि मैदानात चेंडू मारणारा एकाच छपराखाली राहिले, पुष्कळदा एकाच घरात. इंग्रजांचा खेळ म्हणून कोणी नाक मुरडलं असेल, तरी संघ तालमीचाच राहिला. म्हणून इथला फुटबॉल कॉलेजातल्या किंवा साहेबाच्या क्लबातल्या खेळासारखा चार लोकांपुरता उरला नाही. तो गल्लीचा झाला. जर्मनीत क्लबचं सदस्य व्हावं लागतं, वर्गणी भरावी लागते. कोल्हापुरात त्या गल्लीत जन्माला आलं की पुरे.

या सगळ्याला एका छत्राखाली आणणारी कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘केएसए’, १९४० सालची. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीचं हे शेवटचं वर्ष. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते वारले. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, पण केएसए आणि छत्रपती घराण्याचं नातं तुटलं नाही. शाहू स्टेडियमचा कारभार केएसए बघते. वरिष्ठ गटातले १६ संघ दर हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी करतात. कोण कुठल्या तालमीत राहिला, कोण शेजारच्या पेठेत गेला, याची चर्चा तेव्हा चहाच्या गाड्यांवर चालते. पाऊस संपून मैदान धरलं की लीग सुरू होते, मग चषकांच्या स्पर्धा, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या वळवानं चिखल केला की हंगाम संपतो. म्हणजे वेळापत्रक अजूनही पाण्याच्याच हातात आहे.

मी गेलो तेव्हा हे सगळं मला गंमतीचं वाटलं होतं. पण दुसऱ्या वर्षी एका सामन्यात पायऱ्यांवरून दगड आले. आम्ही डोक्यावर पिशव्या धरून खाली पळालो. एका पोराच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो तरीही आपल्या पेठेचं नाव घेऊन ओरडत होता. तालमीनं फुटबॉलला जे दिलं, त्याची ही दुसरी बाजू. गल्ली जिंकते तशी गल्ली हरतेही, आणि हरणं मैदानात ठेवून घरी जाता येत नाही, कारण जिंकलेला दोन गल्ल्या सोडून राहतो. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळं कोल्हापुरात सामने थांबले आहेत, हंगाम अर्ध्यावर अडकले आहेत, मैदानाभोवती पोलिसांची गाडी ही नेहमीची गोष्ट झाली आहे. जुने खेळाडू यावर कळवळून बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की पेठेचा अभिमान खेळाच्या पोटात होता तोवर ठीक होतं. आता खेळ त्याच्या पोटात गेला आहे.

दुसरा बदल पैशाचा. चषकांची बक्षिसं वाढली तसे संघ बाहेरून खेळाडू आणू लागले. नायजेरिया, घाना इथले खेळाडू तालमीच्या जर्सीत दिसू लागले. पोरं त्यांच्या नावानं घोषणा देत. मला ते बघायला आवडायचं. पण ज्याचं नाव पेठेत कुणाच्या तरी तोंडी लहानपणापासून होतं, त्या पोराची जागा त्यामुळं कमी झाली, हेही खरं. तरी हे शहर खेळाडू देत राहिलं. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात अनिकेत जाधव होता, तो कोल्हापूरचा. मोठ्या विश्वचषकाच्या वेळी इथल्या चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या खेळाडूंचे पुढाऱ्यांएवढे कटआउट लागतात, त्याचं बाहेरच्यांना हसू येतं. ज्या गावात चार पिढ्या फुटबॉलवरून भांडत आल्या आहेत, तिथं मेस्सी हाही कुठल्या तरी पेठेचाच वाटणार.

स्टेडियमचा इतिहास लिहिताना लोक बहुधा पायऱ्या, दिवे, प्रेक्षकसंख्या लिहितात. मला जमिनीच्या इतिहासाचं आकर्षण वाटतं. लाइपझिगमध्ये दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा वाहून आणून त्याचे बांध घातले आणि त्यांवर लाखभर माणसं बसतील असं स्टेडियम १९५६ साली उघडलं. पुढं ते जुनं झालं, तेव्हा त्याच बांधांच्या आत नवं स्टेडियम उभं केलं. आज तिथं सामना बघायला जाणारा माणूस मेलेल्या शहराचा ढिगारा ओलांडून आत जातो. कोल्हापुरात माणूस तळ्यात उतरतो. दोन्हीकडं वरचा गलका ऐकू येतो आणि खालचं काही दिसत नाही. पण कोणीतरी सांगणारं शेजारी बसलेलं असेल, तर त्या जागेचा अर्थ बदलतो.

सगळीच मैदानं अशी गावात मुरलेली नसतात. जर्मनीतच होफेनहाइम हे सुमारे तीन हजार वस्तीचं खेडं आहे. तिथलं मंडळ १८९९ चं, सुरुवातीला व्यायामाचं. गावातल्याच मंडळात लहानपणी खेळलेल्या एका उद्योगपतीनं पैसा ओतला आणि २००८ साली संघ देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी जवळच्या झिन्सहाइममध्ये तीस हजार जागांचं स्टेडियम उभं राहिलं. अख्खं गाव दहा वेळा मावेल एवढं. त्यावरून जर्मनीत वर्षानुवर्षं वाद चालला, कारण तिथं क्लबच्या कारभारातली निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडंच असावीत असा दंडक आहे. वादाचा गाभा एकच: मैदान कोणाचं? पैसे देणाऱ्याचं, कागदावर नाव असलेल्याचं, की तिथं खेळून मोठं झालेल्यांचं?

हा प्रश्न मला कोल्हापुरात पडला नव्हता. तो पडला गावी परत आल्यावर.

आमच्या कोंडाण्यात स्टेडियम नाही, मैदानही नाही. भात कापून झालं, पेंढा रचला गेला की डिसेंबरात नदीकडच्या दोनतीन खाचरांचे बांध पोरं पायानं दाबून सपाट करतात. तेच मैदान. मार्च-एप्रिलपर्यंत तिथं टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं, कधी कबड्डी. कोंडाण्याची लेणी बघायला, राजमाची चढायला आलेली मुंबई-पुण्याची माणसं तिथं क्षणभर थांबतात, चेंडू आला तर परत फेकतात. शेताचा मालक कधी नाही म्हणत नाही. फक्त राब भाजायची वेळ आली की हाकलून देतो. जूनमध्ये पाणी भरलं की मैदान नाहीसं होतं. मी कोल्हापूरहून येताना एक फुटबॉल आणला होता. पहिल्या पावसात चिखलात त्याच्यामागं आम्ही इतकं धावलो, की पुढचे चार दिवस मांड्या दुखत होत्या.

आमच्या गावाच्या नावाचं धरण उल्हास नदीवर व्हायचं आहे. सरकारी कागदांत ते कोंढाणे धरण. सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत ते नाव महाराष्ट्रभर गेलं, प्रकरण न्यायालयात गेलं, काम थांबलं. पुढं नवी मुंबईकडच्या वाढत्या वस्तीच्या पाण्यासाठी ते सिडकोकडं आलं. शहराला पाणी लागतं, हे मी नाकारत नाही. कोल्हापूरलाही लागलं होतं. खासबाग बांधली जात होती त्याच काळात शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं, आणि त्या पाण्यावर आज अख्खा जिल्हा हिरवा आहे. तिथंही कोणाची तरी खाचरं पाण्याखाली गेली असतीलच. त्यांत कोणी सुगीनंतर विटीदांडू खेळत असेल, तर त्याची नोंद कुठं असणार?

बुडीत जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरून ठरतो. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, पीक असतं, झाडं, विहीर, कर्जाचा बोजा असतो. डिसेंबर ते एप्रिल इथं गावातली पोरं खेळतात, असा रकाना त्यात नाही. कोल्हापुरात पाणी गेलं आणि मैदान आलं, तेव्हा त्या मैदानावर हक्क सांगायला तालमी होत्या, संस्था होती, राजघराणं होतं. आमच्याकडं पाणी आलं, तर मैदान गेलं असं म्हणायलाही कोणी असणार नाही, कारण कागदावर ते कधी नव्हतंच. मंडळ आहे, पण ते गणपतीपुरतं. मागच्या ग्रामसभेत मी मैदानाचा विषय काढला तेव्हा एकानं विचारलं, कुठलं मैदान? तोही त्याच खाचरांत खेळून मोठा झालेला.

तेव्हापासून मी एक काम सुरू केलंय. दर वर्षी बांध दाबले की पोरांना घेऊन दोरीनं ती जागा मोजायची, कुठल्या गटाची किती खाचरं आहेत ते वहीत लिहायचं, कोण कोण खेळलं त्यांची नावं लिहायची. आधी पोरं हसली. मग एकानं विचारलं, या ग्राउंडचं नाव काय लिहायचं? वाद झाला. शेवटी बांधावरच्या देवाचं नाव द्यायचं ठरलं. तिथं झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे, बॅटिंग करणारा त्याला हात लावून पुढं जातो.

रावणेश्वराच्या तळ्याचं पाणी गेलं, तरी त्याचं नाव एका म्हाताऱ्याच्या तोंडून माझ्यापर्यंत आलं. उद्या उलटं झालं आणि आमच्या खाचरांवर पाणी चढलं, तर काठावर उभ्या असलेल्या कोणा पाहुण्याला सांगता यावं, की हे सगळं मैदान होतं बघा. त्यासाठी आधी ते मैदान होतं, हे आम्हाला कबूल करावं लागेल. वहीचं तिसरं वर्ष चालू आहे.